नारळाचं सोडण आणि ट्रॅकवरचं हेल्मेट

माडावरून नारळ पडलेला बघितला नाही असा माणूस गोव्यात मिळणार नाही. धप्प आवाज येतो, आपण जाऊन उचलतो, सोडणाला, म्हणजे वरच्या काथ्याच्या सालीला, कुठेतरी थोडं चेपलेलं असतं आणि आतला नारळ अख्खा. आता तोच नारळ सोलून गच्चीवरून खालच्या फरशीवर टाका, दोन भकलं आणि पाणी सगळीकडे. माड १५ मीटर उंच धरला तर खाली पोचेपर्यंत नारळाचा वेग ताशी ६० किलोमीटरच्या आसपास जातो, म्हणजे सोलून टाकलेल्यापेक्षा जास्तच, तरी सोडणवाला वाचतो. हेल्मेट म्हणजे नेमकं काय हे मला या नारळावरून कळलं, आणि तेही पंधरा वर्षं स्कूटर चालवून झाल्यावर.

झालं असं की आम्ही डिचोलीचे चौघे दोन गाड्या घेऊन चोर्ला घाटातून बेळगावमार्गे कोल्हापूरजवळच्या रेसिंगच्या ट्रॅकवर गेलो. गोव्यात कार्टिंग आहे पण स्वतःची गाडी घेऊन मनसोक्त पळवायची तर घाट चढावाच लागतो. माझी गाडी साधी हॅचबॅक, हेल्मेट चुलतभावाचं, त्याचं डोकं माझ्यापेक्षा मोठं (सगळ्याच अर्थाने, असं तो म्हणतो). तिसऱ्या लॅपला सरळ पट्टा संपताना जोरात ब्रेक दाबला आणि हेल्मेट पुढे सरकून थेट भुवयांवर आलं, समोर अर्धा डांबर आणि अर्धं काळं अस्तर, एका हाताने स्टिअरिंग आणि दुसऱ्या हाताने हेल्मेट वर ढकलतोय, वळण कसं घेतलं ते आजही सांगता येणार नाही. वर दुसऱ्या दिवशी दोन्ही हात कोपरापासून खाली असे दुखत होते की जणू रात्रभर विहिरीतून पाणी ओढलं. हात का दुखले ते पुढे सांगतो, आधी डोकं.

हेल्मेटला तीन थर असतात. बाहेर कडक कवच, मध्ये थर्माकोल, आत डोक्याला लागणारी गादी. हो, थर्माकोलच, आपण चतुर्थीच्या मखराला वापरायचो त्याचाच जास्त घट्ट दाबलेला भाऊ, याला ईपीएस म्हणतात. खरं काम हाच करतो. २ मीटरवरून डोकं खाली आलं तर आपटताना वेग ताशी २२ किलोमीटर, सायकलचा वेग म्हणा. आता सगळा खेळ ते किती अंतरात थांबतं यावर. उघडं डोकं सिमेंटवर समजा २ मिलिमीटरमध्ये थांबलं, तर २ मीटर भागिले २ मिलिमीटर, म्हणजे सरासरी १००० जी, गुरुत्वाकर्षणाच्या हजारपट. तेच मध्ये थर्माकोल २५ मिलिमीटर चेपला गेला तर ८० जी. उंची तीच आणि डोकंही तेच, फक्त थांबायला दोन सेंटिमीटर जास्त मिळाले. युरोपच्या ईसीई या हेल्मेटच्या चाचणीत झटका सगळ्यात जास्त असतो त्या क्षणाची मर्यादा २७५ जी ठेवलीय, त्यावरून १००० म्हणजे काय याचा अंदाज घ्या.

पण हा थर्माकोल एकदाच चेपतो, परत फुगत नाही, म्हणून एकदा जोरात आपटलेलं हेल्मेट बाहेरून चकचकीत दिसलं तरी त्याचं काम संपलं.

आता माझी चूक. मोठं हेल्मेट म्हणजे नारळापेक्षा एक साइज मोठं सोडण. पावसात बंद पडलेली गाडी दोरीने ओढली असेल तर हे लगेच कळेल: दोरी ताणून ठेवली की गाडी आरामात निघते, सैल सोडून पुढच्याने एकदम रेस दिली की फटकन तुटते, कारण पुढच्या गाडीने वेग घेतल्यावर मागचीला तो एका क्षणात घ्यावा लागतो. सैल हेल्मेटमध्ये हेच उलट घडतं. कवच आधी थांबतं, डोकं अजून पूर्ण वेगात, मधली मोकळी जागा संपली की मग ते थर्माकोलवर जाऊन आदळतं. शिवाय सैल हेल्मेट फिरतं आणि पट्टा असूनही निघू शकतं, त्यामुळे दुसरा फटका बसतो तेव्हा ते डोक्यावर असेलच असं नाही.

म्हणून साइज टेपने घ्या, भुवयांच्या थोडं वर आणि मागे डोक्याचा सगळ्यात फुगीर भाग धरून. पण नुसत्या आकड्यावर जाऊ नका, कारण कोणाचं डोकं लांबट, कोणाचं गोल, घेर सारखा असला तरी साचा वेगळा. घातल्यावर गाल आत दाबले जाऊन तोंड पुरीसारखं फुगलं पाहिजे, हेल्मेट धरून डावीकडे उजवीकडे हलवलं की कपाळाची कातडी सोबत सरकली पाहिजे, कातडी जागेवर राहून नुसतं हेल्मेट फिरलं तर मोठं आहे. मग पट्टा लावून कोणाला तरी हेल्मेटची मागची कड धरून पुढच्या बाजूला ओढायला सांगा, निघत असेल तर ते तुमचं नाही. नवीन गादी वापरून थोडी बसते, त्यामुळे दुकानात 'किती आरामशीर' वाटणारं हेल्मेट महिन्याभरात सैल होतं. आणि अर्धा तास घालून घरी बसायचं, कपाळावर एकाच जागी दुखून लाल वळ उठला तर साचा चुकलाय. मी नवीन घेतलं तेव्हा ते घालून जेवायच्या टेबलावर बसलो, आई हुमण वाढता वाढता म्हणाली, "अरे, निदान जेवताना तरी काढ ते!"

स्कूटरचं आयएसआयवालं हेल्मेट (आयएस ४१५१) रस्त्यासाठी बरोबर आहे, पण गाडीच्या ट्रॅकसाठी वेगळ्या प्रकारचं असतं. १९५६ मध्ये पीट स्नेल नावाचा हौशी रेसर शर्यतीत हेल्मेट कुचकामी ठरून गेला आणि पुढच्याच वर्षी त्याच्या नावाने स्नेल फाउंडेशन सुरू झालं. त्यांच्या मोटरसायकलच्या हेल्मेटवर एम आणि कारच्या हेल्मेटवर एसए असं लिहिलेलं असतं. एसएचं अस्तर आगीला लवकर दाद देत नाही, आणि डोकं रोल केजच्या (गाडी उलटली तर छत चेपू नये म्हणून आत बसवलेल्या सांगाड्याच्या) लोखंडी पाइपवर आपटतं तसा मार देऊनही त्याची चाचणी होते. दुचाकीवरून पडणारा माणूस वाहनापासून लांब फेकला जातो, कारमधला लोखंड आणि पेट्रोलसोबत आतच असतो, म्हणून हा फरक.

आता हात का दुखले ते. वळणावर साध्या रस्त्याच्या टायरलाही ०.८ जी सहज मिळतात, म्हणजे ७० किलोच्या माणसाला बाजूला ५६ किलोचा जोर. तांदळाची ५० किलोची गोण कोणीतरी खांद्याला टेकवून ढकलतंय असं समजा, दर वळणाला. सीट गुळगुळीत असेल तर अंग घसरतं, आणि साधा बेल्ट तुम्हाला पुढे जाण्यापासून अडवतो, बाजूला घसरण्यापासून फारसा नाही. मग माणूस काय करतो, एक गुडघा दाराला लावतो, दुसरा गिअरच्या बाजूला, आणि स्टिअरिंगला लोंबकळतो. मीही तेच केलं होतं. स्टिअरिंग ही धरून उभं राहायची बसमधली दांडी झाली की टायर घसरतायत हे त्यातून कळायचं बंद होतं, बोटांना तो बारीक फरक जाणवायला हात सैल लागतात, आणि अंग घट्ट बसलेलं असेल तरच ते सैल राहतात. मानेचंही तसंच, डोकं आणि हेल्मेट मिळून ६ किलो धरले तर ०.८ जीला जवळजवळ ५ किलो आडवे टांगलेले, वीस मिनिटांत मान बोलायला लागते.

आपल्याकडे सीट मागे झोपवून, एक कोपर खिडकीत आणि एक हात स्टिअरिंगच्या वर अशी बसायची स्टाइल आहे, मिरामारला चक्कर मारायला ठीक. ट्रॅकवर ढुंगण सीटच्या कोपऱ्यात घट्ट मागे, पाठ टेकलेली, हात सरळ पुढे केला तर मनगट स्टिअरिंगच्या वरच्या कडेवर यावं आणि खांदा सीटच्या पाठीवरून उठू नये. क्लच पूर्ण दाबल्यावरही गुडघा थोडा वाकलेला हवा. हेल्मेट घालूनच सीट लावा, नाहीतर नंतर डोकं छताला लागतं. बेल्टचा खालचा पट्टा पोटावर नको, कमरेच्या हाडांवर हवा, आणि वरचा पट्टा ओढून त्याची ढिलाई काढा. पायाखालची पाण्याची बाटली काढा, ती ब्रेकखाली जाते.

मग काही जण लगेच हार्नेस, म्हणजे दोन्ही खांद्यांवरून आणि कमरेवरून बांधायचे रेसिंगचे पट्टे, लावायला निघतात आणि इथे मला खरंच राग येतो. साध्या गाडीत चार पट्ट्यांचा हार्नेस, मागे फ्लोअरला बोल्ट मारलेला, फोटो मस्त. आघात झाला की असे खांद्याचे पट्टे मणक्याला खाली दाबतात, खांद्याच्या जवळपास पातळीत मागे जाणारे हवेत. मांड्यांमधला पट्टा नसेल तर खांद्याचे पट्टे कमरेचा पट्टा पोटावर ओढतात आणि माणूस खालून सरकतो. गाडी उलटली तर साध्या बेल्टमध्ये अंग एका बाजूला झुकायला थोडी तरी जागा असते, हार्नेसमध्ये ताठ बांधलेला माणूस आणि वरून खाली येणारं छत, म्हणून रोल केजशिवाय हार्नेस नको.

आणि मान. १० डिसेंबर १९५४ ला जॉन स्टॅप हा अमेरिकन हवाई दलातला डॉक्टर स्वतः रॉकेटच्या गाड्यावर बसला, ताशी १००० किलोमीटरच्या वरून १.४ सेकंदात थांबला, ४६.२ जी झेलले आणि जगला, कारण तो पट्ट्यांनी गच्च बांधलेला होता. पण रेसिंगमध्ये अंग गच्च आणि डोकं मोकळं राहिलं तर उरलेला सगळा झटका मानेवर येतो. १८ फेब्रुवारी २००१ ला अमेरिकेतल्या डेटोनाच्या शर्यतीत शेवटच्या लॅपला नावाजलेला रेसर डेल अर्नहार्ट गेला तो कवटीच्या तळाच्या फ्रॅक्चरने. बॉब हबर्ड आणि जिम डाउनिंग यांनी ८० च्या दशकातच यावर उपाय काढला होता, हान्स, खांद्यांवर बसणारी कॉलर, तिच्यापासून हेल्मेटला दोन छोटे पट्टे. अर्नहार्ट गेला त्याच वर्षी नासकारने, म्हणजे ती शर्यत भरवणाऱ्या संस्थेने, असं मान धरणारं उपकरण सक्तीचं केलं, फॉर्म्युला वनने २००३ मध्ये. पण ती कॉलर हार्नेसच्या खांद्याच्या पट्ट्यांखाली दाबली जाते तेव्हाच धरते, साध्या तीन टोकांच्या बेल्टवर हान्स घालून काही होत नाही. तेव्हा हौशी माणसाने एकतर कंपनीचा बेल्ट नीट ओढून बसावं, नाहीतर केज, बकेट सीट (दोन्ही बाजूंनी अंग धरणारी खोल सीट), सहा पट्टे आणि हान्स असं सगळं एकत्र करावं. मी पहिल्यात आहे, खिसा बघता तिथेच राहीन.

एक राहिलं. पावसाळ्यात आपल्या हवेत हेल्मेटच्या गादीला बुरशी धरते, ती काढून साध्या साबणाने धुवा, सावलीत वाळवा, आणि पेट्रोल किंवा थिनरने हेल्मेट पुसू नका. मखराच्या तुकड्यावर नेलपॉलिश काढायच्या पाण्याचे, म्हणजे अ‍ॅसिटोनचे, दोन थेंब टाकून बघा, बघता बघता भोक पडतं. पेट्रोलही थर्माकोल असाच खातं. ट्रॅकवरून आल्यावर चुलतभावाला हे करून दाखवलं, तो गप्प उठला आणि डिकीत पेट्रोलच्या कॅनला टेकलेलं हेल्मेट काढून घरात ठेवून आला.