उघड्या आकाशाखालच्या कुंड्या

महाबळेश्वरच्या वेण्णा तलावाजवळ दव गोठल्याची, गाड्यांच्या टपांवर हिमकण साचल्याची बातमी जवळपास दर हिवाळ्यात येते आणि त्याच बातमीत शहराचे किमान तापमान मात्र शून्याच्या बरेच वर असते. त्यावरून वेधशाळेचा आकडा खोटा ठरवणारे पुष्कळ भेटतात. वास्तविक वेधशाळा हवेचे तापमान मोजते, तेही जमिनीपासून सव्वा मीटरच्या आसपास, झडपांच्या पेटीत, आकाशापासून आडोसा करून. तलावाच्या सखल भागात जड, थंड हवा साचते हे खरे. परंतु तेथील हवेपेक्षाही उघड्यावरचे पान आणखी काही अंशांनी थंड झालेले असते. गच्चीवरच्या कुंड्या वाचवायच्या असतील, तर हा फरक कोठून येतो ते समजून घ्यावे लागते.

प्रत्येक वस्तू डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त किरणांच्या रूपाने सतत उष्णता बाहेर टाकत असते, यालाच प्रारण म्हणतात. 10 अंश सेल्सिअसचा पृष्ठभाग दर चौरस मीटरला सुमारे 360 वॅट इतकी उष्णता टाकतो आणि कोरड्या, निरभ्र रात्री आकाशाकडून त्यातली साधारण तीन चतुर्थांशच परत मिळते. याचे कारण असे की, हवेतील बाष्प आणि कार्बन डायऑक्साइड बहुतेक अवरक्त किरण अडवतात, पण सुमारे 8 ते 13 मायक्रोमीटर तरंगलांबीच्या पट्ट्यात त्यांचे फारसे चालत नाही, आणि आपल्या तापमानाच्या वस्तू नेमक्या याच पट्ट्यात सर्वाधिक प्रारण करतात. ढग आले की हा झरोका बंद होतो. वारा असला, तर हवा पानाला थोडी उष्णता परत देते. म्हणून निवांत, स्वच्छ रात्र सर्वांत घातक.

लंडनचे डॉक्टर विल्यम चार्ल्स वेल्स यांनी 1814 साली दवाविषयी लिहिताना हे प्रथम नीट उलगडले. माळी लोक नाजूक रोपांवर पातळ चटई घालतात याचे त्यांना पूर्वी हसू येई. इतक्या विरळ आडोशाने थंड हवा कशी अडणार, असे त्यांना वाटे. पुढे त्यांनी चार काठ्यांवर गवताच्या वर एक झिरझिरीत रुमाल ताणून बसवला, तेव्हा त्याखालचे गवत उघड्या गवतापेक्षा उबदार आढळले. रुमालाने हवा अडवली नव्हती, आकाश अडवले होते. बंगालमध्ये पेंढ्यावर ठेवलेल्या उथळ मातीच्या भांड्यांत, हवा शून्याच्या वर असतानाही बर्फ धरवत असत, त्याचाही उलगडा वेल्स यांनी याच प्रारणाने केला.

आता कुंड्यांकडे वळू. गोधडी आपल्याला ऊब देते, कारण शरीर स्वतः उष्णता निर्माण करते. झाड तशी करत नाही. त्यामुळे झाडाचे गाठोडे बांधण्यापेक्षा काठ्यांवर जुनी साडी किंवा चादर अशी सोडावी की ती पानांना टेकणार नाही, पण थेट गच्चीच्या फरशीपर्यंत येईल. दिवसभर तापलेली फरशी आणि कुंडीतली माती यांची उष्णता मग आत राहते. पातळ पारदर्शक पॉलिथिन मात्र फसवे असते, कारण अवरक्त किरण त्यातून बहुतांशी आरपार जातात. त्याच्या आतल्या बाजूला दव धरले की ते किरण काहीसे अडतात, हा भाग निराळा. ओली माती कोरडीपेक्षा अधिक उष्णता साठवते, म्हणून पाणी दुपारच्या आत द्यावे. कुंडीतल्या मुळांना चहूबाजूंनी गारठा लागतो, तेव्हा कुंड्या कठड्यावरून उतरवून भिंतीलगत, छज्जाखाली एकमेकींना चिकटवून ठेवाव्यात आणि सकाळी ऊन आले की आवरण काढावे.

तुळस, क्रोटन, अँथुरियम ही उष्ण प्रदेशातली झाडे गोठण्याच्या कितीतरी आधी, 10 अंशांच्या आसपासच दुखावतात. पेशींच्या पटलांतील मेद घट्ट होऊन त्यांचे काम बिघडते आणि पाने काळवंडतात. हिवाळ्यात तुळस काळी पडली म्हणून घरावरच्या संकटाचा अर्थ लावणाऱ्यांनी आधी रात्रीचे किमान तापमान पाहावे. अशी पाने लगेच छाटू नयेत, कारण छाटणीनंतर येणारी कोवळी फूट पुढच्या लाटेत सर्वांत आधी जाते.