पाइपाच्या कुशीतली माती

ड्रेनेजचा पाइप फुटला की दोष पाइपाच्या माथी. उकरून बघावं, तर पुष्कळदा पाइपाखाली नारळाएवढा दगड आणि नेमकी त्याच्यावरच चीर.

पीव्हीसीसारखा लवचिक पाइप वरचं ओझं एकटा पेलत नाही. तो किंचित चपटा होऊन बाजूंना फुगतो. तिथली माती घट्ट असेल तरच त्याला आवरते. म्हणून खरी मेहनत पाइपाच्या कुशीत, म्हणजे खालच्या गोलाईलगत दोन्ही अंगांना. यंत्राची धुमस तिथे पोचत नाही, लाकडी दांड्यानं हातानंच ठासावं लागतं. घाईत नेमकं हेच राहून जातं.

काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि पाइपाला वर-खाली ओढते. तिथे चर थोडा जास्त खोल घेऊन मुरूम ठोकावा आणि वर 10 ते 15 सेंमी वाळू पसरावी. प्रत्येक सॉकेटखाली, म्हणजे पाइपाच्या ज्या रुंद तोंडात दुसरा पाइप बसतो त्याच्याखाली, खळगा हवा, नाहीतर पाइप दोन सॉकेटांवर टेकतो आणि मधे अधांतरी राहतो. भराव 15 सेंमीच्या थरांनी, दोन्हीकडून सारखा. उकरलेली काळी माती परत कुशीत ढकलू नये.

सांडपाण्याचा पाइप खालच्या टोकाकडून टाकत यायचा, सॉकेटचं तोंड चढाकडे. 150 मिमी पाइपाला 100 मीटरला 1 मीटर उतार चांगला. 30 मीटरवरच्या चेंबरपर्यंत 30 सेंमी. मधेच पोट पडलं की तिथे गाळ बसतो. जॉइंटमधल्या रबर रिंगेला साबणाचं पाणी लावावं. तेल-ग्रीसनं साधं रबर फुगून खराब होतं.

चर दीड मीटरपेक्षा खोल गेला की बाजूंना फळ्या आणि आडवे टेकू हवेतच. घनमीटरभर माती दीड टनाहून जड असते. छातीपर्यंत गाडलेल्या माणसालाही श्वास घेता येत नाही.

पिण्याच्या पाण्याची लाइन ड्रेनेजपासून 3 मीटर लांब असावी. गल्लीत एवढी जागा कुठली? मग निदान तिचा तळ ड्रेनेजच्या माथ्यापेक्षा अर्धा मीटर उंच ठेवावा. दिवसातून दोनच तास पाणी येणाऱ्या गावात याला जास्तच महत्त्व. पाणी बंद झालं की पाइपातला दाब उतरतो, उताराच्या लाइनीत तर पोकळी होते आणि सैल जॉइंटमधून बाहेरचं झिरपलेलं पाणी आत ओढलं जातं. दुसऱ्या दिवशी नळाला पहिल्या धारेला येतं ते हेच.