चॅलेंजर की कोलंबिया?

कल्पना चावला कोणत्या यानात गेल्या? 'चॅलेंजर' असं उत्तर अनेकदा ऐकू येतं. त्या होत्या कोलंबियात. घोळ होणारच म्हणा: दोन्ही नासाची स्पेस शटल, दोन्हींच्या अपघातांत सात-सात अंतराळवीरांचा जीव गेला, तारखाही जानेवारी-फेब्रुवारीतल्याच. पण बिघाड म्हणून पाहिलं तर दोघांचं दुखणं निराळं.

चॅलेंजर वर जाताना तुटलं. 28 जानेवारी 1986, उड्डाणानंतर अवघ्या 73 सेकंदांनी. उजव्या बूस्टरच्या, म्हणजे बाजूला जोडलेल्या घन इंधनाच्या रॉकेटच्या, सांध्यातून तापलेला वायू निसटू नये म्हणून रबरी ओ-रिंगा बसवलेल्या असत. त्या सकाळी पारा 2 अंशांच्या आसपास होता. थंडीने रबर कडक झालं आणि फट वेळेत बुजली नाही. बूस्टर बनवणाऱ्या कंपनीचे इंजिनिअर आदल्या रात्रीच 'उडवू नका' म्हणत होते! पुढे सांधा नव्याने घडवला, तिसरी ओ-रिंग आणि हीटर आले, आणि 1988 मध्ये डिस्कव्हरी हे दुसरं शटल उडालं.

कोलंबिया तुटलं उतरताना, 1 फेब्रुवारी 2003 ला. घाव मात्र 16 दिवस आधीचा, उड्डाणानंतर 82 व्या सेकंदाचा. बाहेरच्या इंधनटाकीवरच्या फोमचा तुकडा सुटून डाव्या पंखाच्या पुढच्या कडेवर आदळला. एवढ्या हलक्या फोमने काय होणार, हा समज नडला. नंतर चाचणीत तसाच तुकडा गॅस-तोफेने मारला, तर पंखाच्या कडेला साधारण 40 सेंटीमीटरचं भगदाड पडलं. परतीच्या वेळी अशाच भोकातून धगधगती हवा पंखात शिरली होती.

मला कोलंबियाच जास्त खुपतं. घन इंधनाचा बूस्टर एकदा पेटला की विझवता येत नाही; चॅलेंजरमध्ये उड्डाणानंतर कुणाच्या हाती काही उरलंच नव्हतं. कोलंबिया मात्र दोन आठवड्यांहून जास्त काळ पृथ्वीभोवती फिरत होतं. पंखाचे फोटो काढून घ्या, असं इंजिनिअर सांगत होते. वरिष्ठांनी ते केलं नाही. अटलांटिस हे दुसरं शटल पाठवून सुटका करणं कठीण, पण अशक्य नव्हतं, असं चौकशीत पुढे आलं.

त्यानंतर टाकीवरच्या ज्या उंचवट्यातून तुकडा सुटला होता, तो फोमचा उंचवटा काढून तिथे हीटर बसवले. रोबो-हाताला 15 मीटरचा दांडा जोडून कक्षेतच पंख तपासू लागले. अंतराळ स्थानकाजवळ गेलं की यान कोलांटी घेई आणि स्थानकातले लोक त्याच्या पोटाचे फोटो काढत. तरी 2005 च्या पहिल्याच उड्डाणात फोमचा मोठा तुकडा पुन्हा सुटला. नशिबाने तो यानाला लागला नाही, पण पुढचं उड्डाण जुलै 2006 पर्यंत लांबलं.