१७ सप्टेंबर : मराठवाड्याचा दिनविशेष

१७ सप्टेंबर हा ग्रेगरियन वर्षातील २६० वा (लीप वर्षात २६१ वा) दिवस. यानंतर वर्ष संपायला १०५ दिवस उरतात. दिनविशेषाच्या कोणत्याही यादीत या तारखेखाली देशोदेशीच्या घटना सापडतात, पण मराठवाड्यात ही तारीख एकाच घटनेने व्यापलेली आहे. १९४८ साली याच दिवशी हैदराबादच्या निजामाने शस्त्रे खाली ठेवली. मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन म्हणून विभागातील आठही जिल्ह्यांत या दिवशी सकाळी ध्वजारोहण होते. शासनाचा मुख्य कार्यक्रम छत्रपती संभाजीनगरच्या सिद्धार्थ उद्यानातील स्मृतिस्तंभापाशी असतो.

पार्श्वभूमी

१५ ऑगस्ट १९४७ ला देश स्वतंत्र झाला तेव्हा औरंगाबाद, परभणी, नांदेड, बीड आणि उस्मानाबाद हे पाच जिल्हे निजामाच्या राज्यात होते. जालना, लातूर आणि हिंगोली हे जिल्हे पुष्कळ पुढे झाले. सातवा निजाम मीर उस्मान अली खान याने भारतात सामील व्हायला नकार दिला. २९ नोव्हेंबर १९४७ ला भारत सरकार आणि निजाम यांच्यात वर्षभरासाठी 'जैसे थे' करार झाला, पण तो कागदावरच राहिला. लातूरला वकिली करणाऱ्या कासीम रझवीच्या रझाकार या निजामाच्या बाजूच्या सशस्त्र संघटनेचा गावोगाव उपद्रव सुरू झाला.

निजामी राजवटीविरुद्धची चळवळ त्याआधी दहा वर्षांपासून चालू होती. १९३७ साली परतूरला महाराष्ट्र परिषदेचे पहिले अधिवेशन भरले. १९३८ मध्ये हैदराबाद स्टेट काँग्रेसचा सत्याग्रह झाला आणि त्याच वर्षी 'वंदे मातरम्' म्हटल्याबद्दल वसतिगृहांतून व कॉलेजांतून काढलेली मुले शिक्षणासाठी नागपूरला गेली. नेतृत्व स्वामी रामानंद तीर्थ यांच्याकडे होते. मूळचे व्यंकटेश भवानराव खेडगीकर असलेले स्वामीजी हिप्परग्याला आणि पुढे अंबाजोगाईच्या योगेश्वरी शाळेत शिक्षक होते. मराठवाड्यातली चळवळ बरीचशी शाळामास्तरांनी आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी चालवली, हे तिचे वेगळेपण नीट सांगितले जात नाही. गोविंदभाई श्रॉफ, दिगंबरराव बिंदू, विजयेंद्र काबरा, अनंत भालेराव, आ. कृ. वाघमारे ही त्यातली ठळक नावे. बिलोली परिसरात १९४६ साली गोविंदराव पानसरे यांची हत्या झाली.

१९४७-४८ मध्ये मनमाड, बार्शी, उमरखेड अशा सरहद्दीपलीकडच्या गावांत कार्यकर्त्यांचे कॅम्प होते. तिथून रात्री निघायचे, करोडगिरी (जकात) नाका जाळायचा आणि उजाडायच्या आत हद्दीबाहेर यायचे, अशी कामाची पद्धत. शिंदीची झाडे तोडण्यामागे निजामाचे अबकारी उत्पन्न बुडवण्याचा हिशेब होता. ३० जानेवारी १९४८ ला नांदेड जिल्ह्यातील उमरीची बँक लुटण्यात आली. दिल्लीत गांधीजींची हत्या झाली तोच हा दिवस.

पाच दिवस

१३ सप्टेंबरला पहाटे भारतीय सैन्य हद्द ओलांडून आत शिरले. मुख्य तुकडी मेजर जनरल जयंतनाथ चौधरी यांच्या हाताखाली सोलापूरहून निघाली आणि पहिल्याच दिवशी नळदुर्ग पडला. बोरी नदीवरचा पूल शाबूत हाती आल्यामुळे पुढचा रस्ता मोकळा झाला. तो पूल उडाला असता तर रणगाडे नदीच्या अलीकडेच अडकून पडले असते. मेजर जनरल ब्रार यांच्या तुकड्यांनी १४ तारखेला औरंगाबाद घेतले. फौजा पुढे लातूरला आणि तेव्हा मोमिनाबाद म्हणवल्या जाणाऱ्या अंबाजोगाईला पोहोचल्या. म्हणजे १७ तारीख उजाडण्यापूर्वीच मराठवाड्याच्या मोठ्या भागातून निजामी अंमल उठला होता.

१७ तारीख, शुक्रवार. पंचांगाप्रमाणे अनंत चतुर्दशी, निजामी दप्तरातल्या महसुली कालगणनेत फसली सन १३५७. संध्याकाळी युद्धबंदी झाली आणि निजामाने रेडिओवरून शरणागती जाहीर केली. त्याचे सेनापती मेजर जनरल एल इद्रूस यांनी चौधरींपुढे रीतसर शरणागती पत्करली ती मात्र १८ सप्टेंबरला. या पाच दिवसांच्या मोहिमेचे लष्करी नाव 'ऑपरेशन पोलो', पण मराठवाड्यातली माणसे 'पोलीस अ‍ॅक्शन'च म्हणतात.

या दिवसाच्या भाषणांत सहसा न येणारी बाजूही नोंदवायला हवी. कारवाईच्या काळात आणि नंतर अनेक गावांत मुसलमानांवर सूड उगवला गेला. नेहरूंनी पाठवलेल्या पंडित सुंदरलाल समितीने २७ ते ४० हजार माणसे मारली गेल्याचा अंदाज दिला. सर्वाधिक झळ बसलेल्या चार जिल्ह्यांत उस्मानाबाद आणि नांदेड हे मराठवाड्यातले दोन होते. हा अहवाल कित्येक दशके प्रसिद्ध झाला नाही. रझाकारांचा जुलूम खरा आणि हेही खरे. एकाने दुसरे पुसले जात नाही.

नंतरचा १७ सप्टेंबर

१ नोव्हेंबर १९५६ ला मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि १ मे १९६० ला महाराष्ट्रात. नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाची स्थापना १७ सप्टेंबर १९९४ ची. तारीख अर्थातच ठरवून निवडलेली. २०२३ मध्ये अमृतमहोत्सवाच्या सांगतेच्या आदल्या दिवशी राज्य मंत्रिमंडळाची बैठक छत्रपती संभाजीनगरला झाली. मंत्रिमंडळ इथे बसले की सिंचनाचा अनुशेष आणि दुष्काळ यांची चर्चा ठरलेलीच. कर्नाटकात हाच दिवस 'कल्याण कर्नाटक उत्सव' म्हणून साजरा होतो. तेलंगणात त्याला काय म्हणायचे यावर अजून राजकारण चालते.

जन्म

प्रबोधनकार केशव सीताराम ठाकरे (१८८५, पनवेल) आणि पेरियार ई. व्ही. रामसामी (१८७९, इरोड) हे भिक्षुकशाहीवर तुटून पडणारे दोघे एकाच तारखेचे. चित्रकार मकबूल फिदा हुसेन (१९१५, पंढरपूर), पंतप्रधान नरेंद्र मोदी (१९५०, वडनगर), क्रिकेटपटू रविचंद्रन अश्विन (१९८६), गणिती बर्नहार्ड रीमान (१८२६) आणि बौद्ध धर्मप्रसारक अनागारिक धर्मपाल (१८६४, कोलंबो) यांचाही हाच वाढदिवस.

मराठवाड्याच्या खेड्यांत मात्र मागच्या पिढीची जन्मतारीख ही फारशी भरवशाची गोष्ट नाही. शाळेत नाव घालताना गुरुजींनी टाकलेली १ जून हीच अनेकांच्या आधार कार्डावर आहे. वय विचारले तर 'रझाकाराच्या टायमाला मी रांगत होते' किंवा 'बहात्तरच्या दुष्काळात पहिलीला होतो' असे उत्तर येई, आणि हिशेब त्यावरून लागे.

इतर घटना

१६८३ मध्ये डच सूक्ष्मदर्शकतज्ज्ञ लेव्हेनहूकने दातांवरच्या किटणातील सूक्ष्म जीवांचे वर्णन करणारे पत्र लंडनच्या रॉयल सोसायटीला लिहिले. अमेरिकेच्या राज्यघटनेवर फिलाडेल्फियात सह्या झाल्या (१७८७). सोव्हिएत फौजा पूर्वेकडून पोलंडमध्ये घुसल्या (१९३९). हैदराबाद शरण आले त्याच दिवशी जेरुसलेममध्ये संयुक्त राष्ट्रांचे मध्यस्थ काउंट बर्नाडोट यांची हत्या झाली (१९४८). इजिप्त आणि इस्राएल यांनी कॅम्प डेव्हिड करारावर सह्या केल्या (१९७८).

मृत्यू

तत्त्वज्ञ कार्ल पॉपर (१९९४), गीतकार हसरत जयपुरी (१९९९), कवी वसंत बापट (२००२).