तांबडी गेल्यानंतर

तांबडी श्रावणात गेली. आदल्या संध्याकाळी ती इतरांबरोबर कण्या टिपत होती, उकिरडा उकरत होती. सकाळी खुराड्याच्या कोपऱ्यात मान टाकून पडलेली सापडली. "काल तर बरी होती," घरातला प्रत्येक जण म्हणाला. कोंबड्या पाळणारे सगळेच असं म्हणतात, आणि बहुतेक वेळा ते खरं नसतं.

कोंबडी आजारपण लपवते. जी सुस्तावली तिला मुंगूस आधी हेरतं, आणि कळपातल्या सोबतिणीही दुबळीला टोचून मागे सारतात. म्हणून अंगात त्राण असेपर्यंत ती चारचौघींत मिसळून राहते, दाण्यावर चोच मारत राहते, फक्त गिळते कमी. आपल्याला दिसतो तो आजाराचा शेवटचा दिवस.

आमच्या पशुवैद्यांनी तिचं पोट उघडून दाखवलं. आत पिवळट पाणी होतं आणि उकडल्यासारखे घट्ट झालेले बलकाचे गोळे. अंडाशयातून सुटलेला बलक अंडनलिकेच्या नरसाळ्यासारख्या तोंडात पडावा लागतो. कधी नेम चुकतो आणि तो पोटाच्या पोकळीत पडतो. एखाददुसरा बलक शरीर जिरवून टाकतं. पण पुन्हा पुन्हा तसं झालं आणि त्यात जंतू वाढले, की पोटाला आतून सूज येते. हे दुखणं काही आठवडे तरी चाललं असणार. तेवढे दिवस मी तिला रोज दाणे टाकत होतो.

तांबडी लेअर फार्मवरची, म्हणजे फक्त अंड्यांसाठी कोंबड्या पाळतात तिथली. दीडेक वर्षाच्या झाल्या, अंडी घटली, की तिथल्या कोंबड्या काढून टाकतात. त्यातली ही एक मी घरी आणली होती. सगळ्या कोंबड्यांची मूळ पूर्वज असलेली लाल रानकोंबडी वर्षाला 10-15 अंडी घालते, तीही उबवून पिलं काढण्यापुरती. तांबडीच्या जातीकडून माणसाने निवडीच्या जोरावर वर्षाला 300च्या आसपास अंडी मिळवली. एका अंड्याच्या कवचाला सुमारे 20 तास आणि 2 ग्रॅमच्या आसपास कॅल्शियम लागतं. त्यातलं काही ती रोज स्वतःच्या हाडांतून काढून देते. अशा कोंबड्यांना अंडाशयाचा कर्करोगही आपसूक होतो, इतका, की बायकांच्या त्याच आजाराच्या संशोधनात त्यांचा अभ्यास करतात. मला ही गोष्ट अजून सहज गिळता येत नाही. माझ्या ताटातल्या आम्लेटचा हिशेब तिच्या पोटात लिहिलेला होता.

ती आली तेव्हा तिचे पाय फिकट, जवळजवळ पांढरे होते. कातडीतला पिवळा रंग दाण्यातून, हिरव्या पाल्यातून येतो. अंडी सतत सुरू असली की तो सगळा बलकात जातो. पुढे तिने पिसं गाळली, अंडी थांबली आणि काही महिन्यांत पाय हळदीसारखे पिवळे झाले. हा पिवळेपणा लाल रानकोंबड्याकडून आलेला नाही. 2008 साली स्वीडनमधल्या उप्साला विद्यापीठातल्या संशोधकांनी दाखवलं, की पिवळ्या कातडीचा जनुक करड्या रानकोंबड्याकडून आला असावा. म्हणजे आपल्या सह्याद्रीच्या झाडीत पहाटे ओरडणारा तोच. फार्मवरच्या पिंजऱ्यातून आलेल्या तांबडीच्या पायांत इथल्या रानाची खूण होती, हे कळलं तेव्हा मला फार बरं वाटलं होतं.

आमच्या गावठी कोंबड्यांनी मात्र सुरुवातीला तिला हाणहाण हाणली. नॉर्वेच्या थोरलाइफ श्येल्डरुप-एब्बे यांनी लहानपणापासून कोंबड्या न्याहाळल्या आणि 1921च्या सुमारास त्यांच्यातली टोचण्याची उतरंड जगासमोर मांडली: कोण कोणाला टोचणार आणि कोण गुमान बाजूला होणार, हे प्रत्येक जोडीत ठरलेलं असतं. ते एकदा ठरलं, की मारामाऱ्या थांबतात, नुसत्या नजरेवर भागतं. पण यासाठी प्रत्येकीला प्रत्येक जण ओळखू यायला हवी. ती ओळख मुख्यतः डोक्यावरून आणि तुऱ्यावरून होते. तुऱ्याचं रूप बदललं, तर घरचीच कोंबडी परकी ठरते. तांबडीने दोन महिन्यांत आपली जागा मिळवली, आणि पुढे वरच्या दांडीवर ठिपकीशेजारी तीच बसू लागली.

ती गेल्यावर तीन दिवस खुराड्यात नुसती धुसफूस होती. ज्यांच्यात वर्षभर भांडण नव्हतं त्या दोघी मान फुलवून समोरासमोर उभ्या राहिल्या. उतरंडीतलं वरचं मडकं काढलं, की खालची हलतात, तसं. ठिपकीचं वागणं वेगळं होतं. दिवेलागणीला सगळ्या आत गेल्या तरी ती दाराशी थांबून लांब, चढ्या आवाजात ओरडायची.

तिला तांबडीची आठवण येत होती का? मी तिच्या मनातलं सांगणार नाही. पण सोबत तुटणं पाखराच्या मेंदूला जाणवतं, याचे पुरावे आहेत. मेंदूचे अभ्यासक जाक पँकसेप यांनी 1970च्या दशकाच्या अखेरीस एकट्या ठेवलेल्या पिलांवर प्रयोग केले. सोबत सुटलेलं पिलू सारखं चिवचिवतं. त्याला अफूच्या जातीच्या औषधाची अगदी थोडी मात्रा दिली, की ते ओरडणं घटतं. मेंदू स्वतःही अशीच रसायनं बनवतो. वेदना शमवणारी ही रसायनं सोबतीच्या ओढीतही गुंतलेली आहेत. कुत्र्याच्या पिल्लांतही त्यांना हेच दिसलं. 2011मध्ये इंग्लंडमधल्या ब्रिस्टल विद्यापीठात कोंबडीच्या पिलांवर हवेचे हलके झोत सोडले, तेव्हा ते पाहणाऱ्या आईच्या हृदयाचे ठोके वाढले आणि ती पिलांना बोलावताना काढते तसा आवाज करू लागली. तिला स्वतःला झोत लागत नव्हता.

परसातल्या फणसाखाली खोल खड्डा खणून, चुना टाकून तिला पुरलं. (एकाच वेळी अनेक कोंबड्या मेल्या, तर मात्र असं परस्पर पुरू नका. मानमोडी असेल किंवा 2006 साली नवापुरात आला तसा बर्ड फ्लू असेल. उघड्या हातांनी शिवू नका, पशुसंवर्धन खात्याला कळवा.) शेजारच्या काकी म्हणाल्या, "कोंबडीच तर होती रे." त्या वाईट बोलल्या नाहीत. अशा, भोवतालच्यांनी दुःख म्हणून न मोजलेल्या दुःखाचा अभ्यास केनेथ डोका यांनी 1989मध्ये मांडला. सुतक नाही, रजा नाही, कोणी भेटायला येत नाही, म्हणून ते आत जास्त दिवस रेंगाळतं. मला ते पटतं.

पशुवैद्यांनी जाताना एक गोष्ट सांगितली: डोळ्यांवर विसंबू नका, वजन करा. पिसं फुललेली कोंबडी गुबगुबीत दिसते, पण हात लावला तर छातीचं हाड सुरीसारखं लागतं. तेव्हापासून दर रविवारी अंधार पडल्यावर, दांडीवर बसलेली प्रत्येक कोंबडी मी अलगद उचलतो, टोपलीत ठेवून काट्यावर घेतो, छाती चाचपतो, पोट फुगलंय का बघतो आणि वहीत मांडतो.

ठिपकी गेल्या रविवारी 1 किलो 480 ग्रॅम होती. काल 1 किलो 410 भरली. आज सकाळी तिला वेगळ्या डालग्याखाली ठेवलंय, दहीभात कालवून दिलाय, आणि किती खाते ते बघत बसलोय.