एका ओलितात किती मीठ?

"सर, आम्हाले हे कायले शिकाचं? आम्ही तं कॉमर्सचे."

पर्यावरणशास्त्राच्या पहिल्या तासाला हा प्रश्न दरवर्षी येतो. मी पूर्णा नदीच्या खोऱ्यात, दर्यापूर-मूर्तिजापूरच्या बाजूला, एका गावातल्या महाविद्यालयात शिकवतो. या एका विषयाला बी.ए., बी.कॉम. आणि बी.एस्सी.ची मुलं एकाच खोलीत बसतात. कुणाला रसायनशास्त्राची समीकरणं तोंडपाठ असतात, कुणी दहावीनंतर विज्ञानाचं पुस्तक उघडलेलं नसतं.

सुरुवातीची काही वर्षं मी या प्रश्नाला न्यायालयाचं उत्तर देत असे. पर्यावरणाचे खटले लढवणारे वकील एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २२ नोव्हेंबर १९९१ रोजी पर्यावरण हा विषय सक्तीने शिकवायला सांगितलं. अंमलबजावणी रेंगाळली, म्हणून २००३ मध्ये न्यायालयाने पुन्हा बजावलं आणि विद्यापीठ अनुदान आयोगाने सर्व शाखांसाठी एकच अभ्यासक्रम तयार केला. त्यात ५० तासिका होत्या आणि शेवटच्या ५ क्षेत्रकार्यासाठी राखलेल्या होत्या. हे सगळं खरं आहे, पण त्यातून विषय सक्तीचा का आहे एवढंच कळतं. मुलांना त्याची गरज का आहे, ते कळत नाही. प्रकल्पवह्यांमध्ये तर ते स्पष्ट दिसायचं. आधीच्या वर्षाच्या वहीतून उतरवलेलं ओझोनच्या थराचं तेच चित्र, तेच रंग. जिच्या घरी पिण्याचं गोडं पाणी दोन किलोमीटरवरून आणावं लागतं, त्या मुलीने वहीच्या पहिल्या पानावर 'पाणी हेच जीवन' असं लिहून खाली ओझोनचं चित्र चिकटवलं होतं. ते पान पाहून मला फार वाईट वाटलं. दोष तिचा नव्हताच.

आता मी त्या शेवटच्या ५ तासिका सगळ्यात आधी घेतो. पहिल्या दिवशी प्रत्येकाने घरच्या नळाचं किंवा वावरातल्या विहिरीचं बाटलीभर पाणी आणायचं.

पाण्यात विरघळलेले क्षार मोजायला पेनाएवढा टीडीएस मीटर पुरतो. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात लिटरमागे ५०० मिलिग्रॅमपर्यंत क्षार चालतात. दुसरा स्रोतच नसेल तर २००० पर्यंत सवलत आहे. नळयोजनेच्या पाण्याच्या बाटल्या पहिल्या रेषेच्या आत राहतात. वावरातल्या विहिरींच्या बऱ्याच बाटल्या दुसरी रेषाही ओलांडतात. मुलांना याचं नवल वाटत नाही. खारपाणपट्ट्यात, म्हणजे पूर्णेच्या या खाऱ्या पाण्याच्या पट्ट्यात जन्मलेल्याला पाणी खारं आहे हे मीटरने सांगावं लागत नाही.

ते खारं का, हे मात्र क्वचितच कुणी विचारलेलं असतं. पूर्णा सातपुड्यातून उतरते आणि पश्चिमेकडे वाहत तापीला मिळते. तिच्या खोऱ्यात बेसाल्ट खडकावर गाळाचा प्रचंड जाड थर साचलेला आहे. जमीन जवळजवळ सपाट, माती चिकण, त्यामुळे पाण्याचा निचरा फार संथ. वर्षाला पाऊस पडतो साधारण ७०० ते ८०० मिलिमीटर आणि आपल्या उन्हाची वाफ करण्याची ताकद त्याहून कितीतरी जास्त. पाणी उडून जातं, क्षार मागे राहतात. हजारो वर्षं हेच चालत आलं आहे.

यानंतर मी वर्ग कॉमर्सच्या मुलांच्या हाती देतो. हिशेब साधा आहे. एक एकर म्हणजे ४०४७ चौरस मीटर. एका ओलितात, म्हणजे एकदा पाणी देताना, वावरावर पाच सेंटीमीटर पाणी पसरलं, तर ते झालं सुमारे दोन लाख लिटर. पाण्यात लिटरमागे दोन ग्रॅम क्षार असतील, तर एकरात किती उतरले? फळ्याजवळ उभ्या असलेल्या बी.कॉम.च्या मुलीने उत्तर काढलं, पुसलं, पुन्हा काढलं. ४०५ किलो. ती वळून म्हणाली, "सर, चार क्विंटल?" वर्गात शांतता पसरली. या मुलांच्या घरी कापूस क्विंटलने मोजतात. एकरी चार क्विंटल म्हणजे काय, हे त्यांना मी समजावून सांगायची गरज नव्हती. आणि हे फक्त एका ओलिताचं.

पण खरा घात मिठाच्या वजनापेक्षा सोडियममुळे होतो, आणि तो डोळ्यांनी पाहता येतो. खाऱ्या विहिरीवर कित्येक वर्षं भिजवलेल्या वावरातली माती आणायची. तीन बाटल्यांत सारखी माती घालायची. पहिलीत साठवलेलं पावसाचं पाणी, दुसरीत त्याच विहिरीचं खारं पाणी, तिसरीत पावसाचं पाणी आणि चमचाभर जिप्सम, म्हणजे कॅल्शियम असलेलं एक खनिज. वर्गातला खडू बहुतेक वेळा जिप्समचाच असतो, त्यामुळे खडूचे तुकडे कुटून घेतले तरी चालतं. तिन्ही बाटल्या खळखळून हलवायच्या आणि खिडकीत ठेवून द्यायच्या.

दुसऱ्या दिवशी काय दिसेल, हे मी आधी विचारतो. बहुतेक जण सांगतात की खाऱ्या पाण्याची बाटली गढूळ राहील. घडतं नेमकं उलटं. खाऱ्या पाण्यातली माती खाली बसते, जिप्समच्या बाटलीतलीही बसते. पावसाच्या स्वच्छ पाण्याची बाटली मात्र दिवसचे दिवस चहासारखी गढूळ राहते.

कारण आपल्या काळ्या मातीच्या घडणीत आहे. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाचा बेसाल्ट झाला आणि तो झिजून ही माती बनली. तिच्यातली चिकणमाती म्हणजे अतिशय पातळ पापुद्र्यांच्या गड्ड्या. पापुद्र्यांवर ऋण विद्युतभार असतो. कॅल्शियमवर दोन धन भार असतात, त्यामुळे तो शेजारच्या पापुद्र्यांना धरून ठेवतो. सोडियमवर एकच भार, आणि तो आपल्याभोवती पाण्याचं जाड वेष्टण बाळगतो. तो पापुद्र्यांमध्ये शिरला की त्यांची एकमेकांवरची पकड सैल होते. पाण्यात क्षार भरपूर असेपर्यंत हे झाकलेलं राहतं, कारण दाट क्षार पापुद्र्यांना जवळ दाबून ठेवतात. मृगाचा पाऊस येतो, मोकळे क्षार धुऊन जातात, पण मातीला चिकटलेला सोडियम तिथेच राहतो. मग पापुद्रे सुटे होतात आणि मातीची छिद्रं बुजतात. पाणी वरच तुंबतं, वाळल्यावर दगडासारखा थर धरतो. शेतकरी खारवट आणि चोपण असे दोन वेगळे शब्द वापरतात, ते याचमुळे. खारवट, म्हणजे नुसते मोकळे क्षार साचलेली जमीन चांगल्या पाण्याने धुता येते. चोपण, म्हणजे मातीला सोडियम चिकटलेली जमीन नुसती धुतली तर आणखी बिघडते. तिला आधी जिप्सममधला कॅल्शियम द्यावा लागतो आणि सुटलेला सोडियम वाहून जाईल असा निचरा काढून द्यावा लागतो. निचरा नसेल तर जिप्समवरचा खर्च वाया जातो, हे मी मुलांना बजावून सांगतो.

एकदा हे सगळं सांगून झाल्यावर बी.ए.ची एक मुलगी म्हणाली, "सर, मंग डाळीचंही असंच हाये का?" मला कळलं नाही. तिने सांगितलं, त्यांच्या जुन्या विहिरीच्या सवळ, म्हणजे मचूळ पाण्यात तुरीची डाळ शिजत नसे, म्हणून आजी खाण्याचा सोडा टाकायची.

मी थक्क झालो. कारण ते तसंच आहे. डाळीच्या पेशींना पेक्टिन नावाचा पदार्थ सांधून ठेवतो, आणि अशा पाण्यातला कॅल्शियम पेक्टिनचे धागे एकमेकांशी आणखी घट्ट बांधतो. डाळ टणक राहते. खाण्याच्या सोड्यातला सोडियम कॅल्शियमची जागा घेतो, सोड्याची अल्कताही पेक्टिन सैल करते, आणि डाळ गळते. वावरात जो सोडियम माती विस्कटतो, तोच चुलीवर डाळ विस्कटतो. वावरात हवासा वाटणारा कॅल्शियम पातेल्यात नकोसा होतो. इतकी वर्षं शिकवूनही हा दुवा मला सुचला नव्हता. तेव्हापासून मी तो दरवर्षी सांगतो, आणि तो एका विद्यार्थिनीने दिला हेही सांगतो.

बी.ए.च्या मुलांकडे आणखी एक काम असतं. गावातल्या म्हाताऱ्या माणसांना कोणत्या विहिरी गोड्या होत्या, कधीपर्यंत होत्या, हे विचारून यायचं. त्यात मूत्रपिंडाच्या आजारांचा विषय हमखास निघतो, कारण हे दुखणं या पट्ट्यात घराघरात बोललं जातं. तिथे मी एक शिस्त पाळायला लावतो. ज्या गावात खारं पाणी आहे त्याच गावात आजार आहे, एवढ्यावरून एकामुळे दुसरं झालं असं लिहायचं नाही. वय, उन्हातली मेहनत, रक्तदाब, मधुमेह, दुखण्यावरच्या गोळ्या हे सगळं नोंदवायचं. समाजशास्त्राच्या मुलांना हे विज्ञानाच्या मुलांपेक्षा लवकर पटतं, असा माझा अनुभव आहे.

छताचा हिशेबही मुलं स्वतःच करतात. पाचशे चौरस फुटांचं छत, सातशे मिलिमीटर पाऊस, थोडी गळती धरूनही वर्षाला सुमारे २६ हजार लिटर गोडं पाणी. पाच माणसांच्या घरात पिण्याला आणि स्वयंपाकाला दिवसाला ४० लिटर लागलं, तर वर्षाचे होतात १४ हजार ६०० लिटर. टाक्याचा खर्च किती, कॅनच्या पाण्यावर वर्षाला किती जातात, याचा तक्ता कॉमर्सवाले इतका चोख करतात की तो घरी नेऊन वडिलांसमोर ठेवता येतो. काहींनी ठेवलाही.

गेल्या दिवाळीनंतर आम्ही एका विद्यार्थ्याच्या वावरातल्या विहिरीवर गेलो. शेजारचा नाला नुकताच खोल केलेला होता आणि पावसाळ्यात त्यात पाणी तुंबून राहिलं होतं. दोरावर हाताहातावर गाठी मारून, दगड बांधलेली बाटली आम्ही वेगवेगळ्या खोलीवर सोडली. वरच्या पाण्याचा आकडा कमी, खाली जावं तसा चढत गेला. मुरलेलं पावसाचं पाणी हलकं असतं, ते जड खाऱ्या पाण्यावर थरासारखं तरंगतं. मोटर तळाशी लावून जोरात उपसा केला की खालचं खारं पाणी वर ओढलं जातं. हे मी समजावत असताना धुऱ्यावर बसलेली त्या मुलाची आजी म्हणाली, "आमच्या सासऱ्यानं सांगून ठेवलं होतं, या विहिरीले वरवर उपसा, तळाले हात लावू नका."

मुलाने वहीत आकड्यांच्या शेजारी ते वाक्य लिहून घेतलं. मग तो विहिरीपाशी वाकून मोटर किती खोल सोडली आहे ते मोजायला लागला.