वंशशोध (मुंबई इलाखा)

वंशशोध (मुंबई इलाखा) : ब्रिटिश अमदानीतील जमीन, वारसा व स्थलांतराच्या कागदांवरून घराण्याच्या पिढ्या लावण्याची पद्धत. शोध आजच्या सात-बाऱ्यापासून मागे नेतात. त्यावर वर्तुळात दिलेल्या क्रमांकाचा फेरफार (हक्क बदलल्याची नोंद, गाव नमुना 6) काढला की मयत खातेदार, वारस व नाते कळते. मग त्याआधीचा फेरफार. 1947 च्या कायद्याखालील जमिनींच्या एकत्रीकरणात सर्व्हे नंबरांचे गट झाल्याने साखळी बहुधा तिथेच तुटते. म्हणून एकत्रीकरणाचे पत्रक आधी मिळवावे. हक्कनोंदणीचा कायदा 1903 चा. गावोगावी अंमल पुढेमागे झाला. जन्ममृत्यूच्या जुन्या नोंदी गाव नमुना 14 मध्ये असतात.

त्यामागे 1836 पासून इंदापुरात व पुढे अन्यत्र झालेल्या मोजणीचे कागद येतात. ते बहुतांशी मोडीत असून खातेदार देतात, नाते क्वचित. ‘बिन’ किंवा ‘वलद’पुढे बापाचे नाव, ‘कोम’पुढे नवऱ्याचे. दत्तक गेलेला मुलगा नव्या बापाच्या नावे लागतो, तेव्हा एकच इसम दोन घरांत मोजला जातो. आडनाव पुष्कळदा गाळलेले असते.

कालगणनेत सर्वाधिक चुका होतात. दख्खनी फसली (महसुली वर्षगणना) व शुहूर (मराठी दप्तरांतील अरबी नावाचा सन) ही दोन्ही वर्षे मृगाला, जूनच्या पहिल्या आठवड्याच्या सुमारास, पालटतात. इसवी सनासाठी पालटापासून डिसेंबरअखेर फसलीत 590 व शुहूरात 599 मिळवावेत. जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत 591 व 600. फसली 1246 म्हणजे 1836–37. उत्तरेकडील फसलीचा 592–593 हा फरक इथे लावल्यास दोन वर्षांची चूक पडते. शुहूर सन अरबी संख्याशब्दांत, एककापासून लिहितात : ‘सलास अशरीन मयातैन व अलफ’ म्हणजे 1223, अर्थात 1822–23. ‘मया’ (100) व ‘मयातैन’ (200) यांची गल्लत शतकाची ठरते.

पेशवाईअखेरच्या थळझाड्यांत (गावच्या जमिनींच्या थळवार याद्यांत) मिरासदार म्हणजे वंशपरंपरागत जमीनधारक घराण्यांची थळे (जमिनीचे ठरलेले भाग) व गतकुळी (वारस न उरलेल्या कुळांच्या जमिनी) आढळतात. थळाचे नाव मूळ वसाहतकार घराण्याचे, असे एक मत. थळ ही सारा भरण्याच्या सामायिक जबाबदारीची वाटणी, असे दुसरे. वंशशोधापुरते दुसरे मत धरणे सुरक्षित, कारण थळाच्या नावावरून रक्तसंबंध सिद्ध होत नाही. इनामदारांसाठी 1852 च्या 11 व्या कायद्याखालील चौकशीत दिलेल्या कैफियती (लेखी निवेदने) व वंशावळी पुणे पुराभिलेखागारात पाहाव्यात. मात्र इनाम टिकवण्यासाठीच त्या दिलेल्या असल्याने जुन्या सनदांशी ताडल्याशिवाय घेऊ नयेत.

मृत्युपत्रे मुंबई शहराबाहेरील हिंदू घराण्यांत विरळा. मिताक्षरा (हिंदू वारसा कायद्याची एक शाखा) मानणाऱ्या कुटुंबात अविभक्त हिस्सा मृत्युपत्राने देता येत नसे, आणि 1870 चा हिंदू मृत्युपत्र कायदा इलाख्यात मुंबई शहरालाच लागू होता. मुफसलात (मुंबई शहराबाहेरील भागात) 1827 च्या 8 व्या रेग्युलेशनखालील वारस दाखले, वाटणीपत्रे व दत्तकपत्रे अधिक उपयोगी.

मॉरिशसला गेलेल्या करारी मजुरांच्या नोंदी मोका येथील महात्मा गांधी संस्थेत आहेत. त्यांत आगमन क्रमांक, बापाचे नाव, जात व गाव सापडते. गावाचे नाव युरोपीय कारकुनाने कानावर लिहिलेले असल्याने उच्चार करून पाहावे. तिथे बापाचे नाव पुढे आडनाव झाल्याची उदाहरणे आहेत. भूमिहीन कुटुंबे जमीन व वारशाच्या कागदांत जवळपास येत नाहीत. स्त्रिया येतात त्या बहुधा विधवा वारस म्हणून.